लढाईचं पुस्तक आणि नंबर लावलेली माणसं

निवृत्त ग्रंथपाल भेटला की लोक दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही किती पुस्तकं वाचली, आणि किती चोरीला गेली? पहिल्याचं खरं उत्तर लाज वाटावी इतकं छोटं आहे. हलवायाला पेढ्याचं कौतुक नसतं, तसंच आमचंही. दुसऱ्याचं उत्तर मी तपासणीच्या दिवशी एक द्यायची आणि इतर दिवशी दुसरं. या अंकाच्या संपादकांनी मात्र फोनवर विचारलं, "बाई, तुमच्या नोकरीत कधी काही घडलं का हो?" वाचनालयात काय डोंबल घडणार, असा एक सूर त्यांच्या आवाजात होता. म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

औशाच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. बाहेरच्यांना वाटतं, पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचायची ही नोकरी. प्रत्यक्षात ग्रंथपालाचं काम म्हणजे आलेल्या पुस्तकाला दाखल नोंदवहीत नंबर द्यायचा, पाठीवर चिठ्ठी डकवायची, ते कपाटात ठेवायचं, मागेल त्याला द्यायचं आणि मग ते परत यावं म्हणून जन्मभर लोकांच्या मागे लागायचं. वर कसर, वाळवी आणि पेपर तोंडावर घेऊन झोपणारे सभासद यांचा बंदोबस्त. एक सद्गृहस्थ कायम जाडजूड ग्रंथच न्यायचे. मला वाटायचं, केवढा हा व्यासंग! पुढे कळलं की त्यांच्या बाजेचा एक पाय तुटला होता. एका कंपाउंडरसाहेबांना प्रत्येक रहस्यकथेच्या दहाव्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायची सवय होती. विचारलं तर म्हणाले, "लोकांचा टाइम वाचावा म्हणून, बाई."

पण माझा जीव बालविभागात. एका खिडकीजवळ दोन बुटकी बाकडी, एक सतरंजी आणि दोन कपाटं, एवढाच तो विभाग. शाळा सुटली की साडेचार ते सहा तिथे असा गोंगाट असायचा की मोठ्या माणसांच्या बाजूचे झोपलेले सभासद जागे व्हायचे. त्याचाही मला फायदाच.

आमचे कार्यवाह होते गुरुजी. गणिताचे निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, उन्हाळ्यातही गळ्याशी बटण लावणारे. वाचनालयावर त्यांचं प्रेम खरं होतं, पण कादंबरी या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "घडलेलं असलं तर इतिहास म्हणा. न घडलेलं असलं तर खोटं म्हणा. मधलं काय असतं?" असं ते मला महिन्यातून एकदा तरी विचारायचे. मी म्हणायची, "गुरुजी, मधलंच तर लई असतं."

माझं हे मत माझ्या आज्यामुळे झालं होतं. माझा आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आला. तीन वर्षं तो तिकडं होता. आम्ही पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायचो, "आज्या, लढाईत काय झालं?" तो विडी पेटवायचा, विचार करायचा आणि म्हणायचा, "जळवा लई होत्या." बास. एवढीच आमच्या घरातली दुसऱ्या महायुद्धाची कथा. शाळेच्या पुस्तकात सेनापती होते, नकाशे होते, बाण होते, पण आज्या नव्हता आणि जळवाही नव्हत्या. तो गेला तेव्हा ती तीन वर्षं त्याच्यासोबत मातीत गेली. तेव्हापासून मला वाटतं, जे म्हातारी माणसं सांगत नाहीत आणि धडा सांगू शकत नाही, ते कुणीतरी गोष्ट करून पोरांना सांगायलाच पाहिजे.

तर एकदा लातूरला पुस्तकांच्या प्रदर्शनात मी मुलांसाठी एक कादंबरी घेतली. लेखिका कुठल्याशा शाळेतल्या बाई होत्या, नाव कधी ऐकलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मुखपृष्ठावर झकास घोडा होता म्हणून घेतली. आत घोडा कुठेच नव्हता. नंतर प्रत्येक पोरानं माझ्याकडे घोड्याची तक्रार केली.

गोष्ट आमच्याच मुलखातली होती. देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडे अजून निजामाचंच राज्य होतं, आणि रझाकार गावोगाव धुमाकूळ घालत होते, त्या तेरा महिन्यांची. गोदी नावाची बारा वर्षांची मुलगी गोवऱ्यांच्या पाटीत चिठ्ठ्या लपवून नेते. शेजारी रहीमचाचा पिंजारी आणि त्याची मुलगी जैबू. पहिल्या अर्ध्या पुस्तकात रझाकार येतात, तेव्हा रहीमचाचा गोदीला कापसाच्या ढिगात लपवतो. मग हिंदुस्थानची फौज येते, निजाम शरण जातो, सगळीकडे आनंदीआनंद. पण पुस्तक तिथे संपत नाही. त्यानंतरच्या दिवसांत गावातलेच लोक काठ्या घेऊन रहीमचाचाच्या दारावर येतात, आणि आता गोदीची आई जैबूला ज्वारीच्या कणगीत लपवते. ज्यांना कणगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तुरीच्या फोकांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, पुरुषभर उंचीची धान्याची टोपली. माणूस आत उतरला तर वरून दिसत नाही.

गुरुजींनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कुठल्या कपाटात?"

"इतिहासाच्या," मी म्हणाले.

"गोदी खरी होती का?"

"न्हाई."

"मग कथा-कादंबरी." आणि त्यांनी स्वतः उठून ते पलीकडच्या कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ते परत इतिहासात ठेवलं. आठवडाभर ते पुस्तक दोन कपाटांत येरझारा घालत राहिलं.

अखेर ते सातवीतल्या आफरीननं नेलं. आफरीन म्हणजे आमच्या बालविभागातलं वादळ. पुस्तक वाचून झालं की ती प्रश्न विचारायची, आणि तिचे प्रश्न आगगाडीच्या डब्यांसारखे एकाला एक जोडलेले असायचे. दोन दिवसांनी शाळेतून तडक आली, दप्तरासकट माझ्या टेबलाला टेकली आणि म्हणाली, "म्याडम, ती जैबू दिवसभर कणगीत होती ना?"

"हाव."

"मग तिला एकीला लागली असंल तर तिनं काय केलं?"

एकतीस वर्षांत कुणा प्राध्यापकानं मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. शाळेच्या पुस्तकात मराठवाडा मुक्तिसंग्रामावर जो काही मजकूर आहे तो वाचून आजवर एकाही पोराला असा प्रश्न पडलेला मी पाहिला नव्हता. मी म्हणाले, "पुस्तकात न्हाई बाई ते. तुमच्या घरी, गल्लीत कुणी म्हातारं माणूस असंल तर विचारून बघ."

ही माझी चूक. किंवा माझ्या नोकरीतलं एकमेव शहाणपणाचं वाक्य. अजून ठरवता आलेलं नाही.

आफरीन आणि तिची बाकावरची मैत्रीण प्रणिता, या दोघींनी मिळून सगळी गल्ली विचारून काढली. त्यांचं बघून बाकीची पोरं. आठ दिवसांत औशातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला निवांत ओट्यावर बसता येईना. पोरगं समोर उभं राहायचं आणि विचारायचं, "आजोबा, रझाकाराच्या टायमाला तुम्ही कुठं लपलाव?" पुस्तकासाठी नंबर लागायला लागले. आमच्याकडे एकच प्रत. मी एक कागद टेबलावर चिकटवला, नावं लिहून घेतली, अकरा पोरांची यादी झाली.

मग म्हातारी माणसं वाचनालयात यायला लागली. काही तक्रार करायला, पण बरीचशी आणखी सांगायला. एक तात्या होते, त्यांनी टेबलावर थाप मारून सांगितलं, "पोस्तकातली पोरगी-बिरगी सगळं झूट. चिठ्ठ्या मी नेल्यात. ह्या हातानं."

गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांनी बोटावर हिशेब केला. "तात्या, तुम्ही माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. निजाम शरण गेला तेव्हा तुमचा जन्म व्हायला चार वर्षं बाकी होती."

तात्यांनी थाप मारलेला हात मागे घेतला. म्हणाले, "मग थोरल्या भावानं नेल्या असतील. घरातलंच हाय की."

इथवर सगळी मजा होती. मग फोनवर फोटो फिरायला लागले. कुणीतरी एक्केचाळिसाव्या पानाचा फोटो काढला, जिथे रझाकार गावात येतात. कुणीतरी सत्त्याण्णवाव्या पानाचा काढला, जिथे गावातलेच लोक रहीमचाचाच्या दारावर येतात. एक पान एका बाजूच्या फोनांत फिरलं, दुसरं दुसऱ्या. एकाच पुस्तकाची दोन पानं, पण एकमेकांना कधी भेटली नाहीत.

एका दुपारी चारच्या सुमारास खताच्या दुकानाचे नाना चार माणसं घेऊन पायऱ्या चढले. साठीचे, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावात कमावलेला. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं टायरच्या दुकानाचे सलीमभाई तीन माणसं घेऊन चढले. दोन्ही गट दारात एकमेकांसमोर आले. गुरुजी तर माझ्या खुर्चीमागे सरकले आणि कुजबुजले, "बाई, पुस्तक काढून टाका. म्हणा वाळवी लागली."

नाना म्हणाले, "ते लढाईचं पोस्तक वाचनालयातून हटवा. आमच्या लोकांची बदनामी हाय त्यात."

सलीमभाई म्हणाले, "हम भी वहीच... आमचं बी तेच म्हणणं हाय. बदनामी हाय. हटवा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गावात कुठल्याही गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझ्या तोंडातून सवयीनं ग्रंथपालाचं वाक्य निघालं. "पुस्तक बाहेर गेलेलं आहे."

"मंजे?"

"वाचायला नेलंय. तुम्ही वाचलंय का, नाना?"

"म्या पान बघितलंय. फोनवर."

"सलीमभाई, तुम्ही?"

"म्या बी पान बघितलंय."

"मग पुस्तक वाचा, अन् लेखी तक्रार द्या. समितीपुढं ठेवते. पण त्याला नंबर हायत." मी कागद दाखवला. "तुमचा बारावा लागंल. सलीमभाईंचा तेरावा. अन् बालविभागाचं पुस्तक असल्यामुळं आधी वर्गणीदार व्हावं लागंल."

नाना लालबुंद झाले. "मला? पोराटोरांच्या मागं नंबर?"

"नियम हाय," मागून गुरुजी म्हणाले. गुरुजी कितीही घाबरलेले असले तरी नियमाचं नाव निघालं की त्यांचा कणा ताठ व्हायचा.

सलीमभाईंनी मुद्द्याचं विचारलं. "पोस्तक सध्या हाय कुणापाशी? आम्ही त्याच्याकडनं घेतो."

मी देवघेवीची वही उघडली. ओळीवर बोट ठेवलं आणि क्षणभर मलाच हसू आवरेना. यादीत पुन्हा नाव लावून आफरीननं दुसऱ्यांदा वाचायला नेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं, "आफरीन सलीम, इयत्ता सातवी, टायरच्या दुकानाच्या मागं."

बाकी आठही माणसांनी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाईंनी छताकडे पाहिलं. "मेरेच घर में?" एवढंच म्हणाले आणि फोन लावला.

दहा मिनिटांत आफरीन आली. पुस्तक छातीशी धरलेलं, सोबत प्रणिता. सलीमभाईंनी हात पुढे केला. "दे इकडं."

"न्हाई देत अब्बा. माझे आजून तीन दिवस बाकी हायत. विचारा म्याडमला."

मी वहीत पाहिलं आणि मान हलवली. बाकी होते.

"आफरीन!"

"वाचून दाखवते," ती म्हणाली. "वाचून दाखवायला मनाई हाय का, म्याडम?"

वाचून दाखवायला मनाई करणारा नियम गुरुजींनाही आठवेना. आणि असं झालं की औशातली नऊ मोठी माणसं बालविभागातल्या बुटक्या बाकड्यांवर, गुडघे कानाशी घेऊन बसली. एक बाकडं कुरकुरलं. आफरीननं खिडकीच्या कट्ट्यावर बसून पहिलं पान उघडलं.

सुरुवातीला नाना दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. मग रहीमचाचाच्या कापूस पिंजण्याचं वर्णन आलं आणि ते म्हणाले, "थांब. हे चुकलं. तारेवर मोगरी अशी नसतात मारत. आमच्या गल्लीत होता पिंजारी, म्या बघितलंय." त्यांनी हवेत हात मारून दाखवलं, "टँव टँव करून." सलीमभाई म्हणाले, "बरोबर हाय नानांचं. माझा नाना, मंजे आईचा बा, पिंजारीच होता." दोघांत पाच मिनिटं पिंजण्यावर चर्चा झाली. आफरीन बोट पानावर ठेवून थांबली आणि म्हणाली, "झालं का?"

सहा वाजले. गोदी पाटी घेऊन नाक्यावर पोचली होती, समोर शिपाई उभा होता, आणि त्यानं पाटी खाली ठेवायला सांगितली. मी घंटा वाजवली.

"आता कुठं बंद करायलाव?" नाना ओरडले. "पुढं काय झालं?"

"उद्या," आफरीननं पुस्तक मिटलं.

"तू दोनदा वाचलंयस की. सांग ना, सापडती का ती?"

"सांगत नसतात, नाना."

दुसऱ्या दिवशी नाना पावणेचारलाच आले. आल्यावर म्हणाले, "तक्रार करायची तर पूर्ण ऐकावं लागंल ना." मोठ्या माणसांच्या बाजूचे झोपाळू सभासदही खुर्च्या ओढून आले. तात्याही आले, थोरल्या भावाचा उल्लेख येतो का पाहायला.

एक्केचाळिसावं पान त्याच दिवशी आलं. मला आठवतं, आफरीनचा आवाज बारीक झाला. रझाकार एका घराला आग लावतात असा तो प्रसंग आहे. आफरीननं मध्येच अब्बांकडे पाहिलं. सलीमभाई जमिनीकडे बघत होते. तिनं पुस्तक प्रणिताकडे दिलं, आणि पुढचं प्रणितानं वाचलं. नानांची माणसं, जी याच पानासाठी आली होती, ती बाकड्यावर नखानं रेघा ओढत बसली. मग कापसाचा ढीग आला, रहीमचाचा त्याच्यावर बसून विडी ओढत रझाकारांशी गप्पा मारतो आणि खाली गोदी श्वास धरून पडलेली असते, आणि खोलीत सगळ्यांनीच श्वास धरला.

तिसऱ्या दिवशी गुरुजींची आक्का आली. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, विधवा होऊन भावाकडेच राहणारी. कानानं अधू, त्यामुळे स्वतः फार मोठ्यानं बोलायची. गुरुजी दोन दिवस चहाला उशिरा येतात, ते जातात कुठं हे बघायला ती काठी टेकत आली आणि सतरंजीवर बसली. आफरीननं तिला जवळ, खिडकीखाली घेतलं आणि आवाज चढवला.

सत्त्याण्णवावं पान आलं. काठ्या घेतलेली माणसं आली. त्यातल्या दोघांना गोदी मामा म्हणायची. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या घड्या नीट करायला लागले. ती आधीच नीट होती. आफरीन थांबली, तेव्हा ते खाली बघूनच म्हणाले, "वाच की गं पुढं."

मग गोदीच्या आईनं जैबूला कणगीत उतरवलं, वरून ज्वारी ओतली, झाकण ठेवलं. आफरीननं पुस्तकातून मान वर काढली. इतके दिवस दाबून ठेवलेला प्रश्न तिला राहवेना. "पण ती दिवसभर आत होती. तिला एकीला लागली असंल तर?"

कुणीतरी खुदकन हसलं. आणि आक्का, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लागली तर काय? केली. ज्वारीतच केली."

सगळे वळले. गुरुजी म्हणाले, "आक्का, तुला काय माहीत?"

"मला न्हाई तर कुणाला? मीच होते की कणगीत. शेजारच्या फातमामावशीच्या. रझाकार आले त्या दिवशी. दिवस उगवल्यापासून दिवस बुडंपर्यंत." मग काठीनं गुरुजींकडे बोट दाखवलं. "तू बी होतास. माझ्या मांडीवर. केली ती तूच."

गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा गळ्याचं बटण काढताना मी पाहिलं.

"मी?"

"तीन वर्षांचा होतास. रडू न्हाई म्हणून मी तोंडावर हात धरला. मग तू ते केलंस. चांगली दोन-तीनदा केलीस." हशा इतका झाला की खालचा पानवाला वर आला. आफरीन हसता हसता कट्ट्यावरून पडायची राहिली. नाना डोळे पुसत होते. गुरुजींच्या चेहऱ्यावर जो रंग आला होता तो मी आजवर कुठल्याही मुखपृष्ठावर पाहिला नाही.

हसू ओसरल्यावर आक्का म्हणाली, "वर्साची ज्वारी होती तिची. मग तीच धुवून, वाळवून खाल्ली तिनं. दुसरी कुठून आणणार? आम्हाला एक शब्द बोलली न्हाई. मी जायची तर म्हणायची, तुझ्या भावानं मीठ घातलंय, चव आलीय."

आफरीननं विचारलं, "मग आजी, फौज आल्यावर फातमामावशीवर बी असे लोक आले?"

आक्कानं ते ऐकलं. ऐकू आलं नाही असं करता आलं असतं; कान अधू असलेल्या माणसाला तेवढी सवलत असते. तिनं ती घेतली नाही.

"आले. ती पोराला कडंवर घेऊन आमच्या दाराशी आली. कडी वाजवली. बानं दार उघडलं न्हाई."

आक्कानं काठी मांडीवर आडवी घेतली.

"बा वाईट न्हवता," आक्का म्हणाली. आता तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "भ्याला. मी आत होते. मलाबी ऐकू येत होतं. तवा ऐकू येत होतं मला."

त्या दिवशी सहा वाजायच्या आधीच वाचन थांबलं. घंटा वाजवावी लागली नाही.

पुस्तक चौथ्या दिवशी पूर्ण झालं. तक्रारीचं पुढे काय झालं हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. नानांनी लेखी दिलं, ते अजून फायलीत असेल: "पुस्तकातील कापूस पिंजण्याचे वर्णन चुकीचे आहे, दुरुस्त करावे." खाली दोघांच्या सह्या, नाना आणि सलीमभाई.

गुरुजी मात्र आठ दिवस वाचनालयात आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते थेट सलीमभाईंच्या दुकानातून. फातमामावशीचं कुणी उरलंय का, हे त्यांना शोधायचं होतं. टायरच्या दुकानाला सगळ्या तालुक्यांतल्या जीपा येतात, आणि जीप ड्रायव्हरला माहीत नसलेलं घर लातूर जिल्ह्यात नाही. फातमामावशीचं गाव निलंग्याकडचं, गुरुजींचंही मूळ गाव तेच. महिनाभर चौकशा झाल्या. मावशी कधीच गेलेली होती, पण तिची नात शिरूर अनंतपाळला होती. ब्लाउज शिवायची.

एका रविवारी आम्ही गेलो. गुरुजी, आक्का, मी, आणि हट्ट करून आफरीन. गाडी सलीमभाईंनी दिली. गुरुजींनी मागं शाळू ज्वारीचं पोतं टाकलं होतं. मी म्हणाले, "एवढी?" म्हणाले, "वर्षाची होती ना."

नात पन्नाशीची बाई होती. मशीनवर बसलेली, गळ्यात टेप. अनोळखी चार माणसं आणि एक पोतं बघून ती गोंधळली. "कशाची ज्वारी?"

चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून वर्गाला थरथर कापवणारे गुरुजी. त्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे की... एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली... आपल्या आजींच्या ज्वारीत... माझ्याकडून..." पुढचा शब्द त्यांना शुद्ध मराठीत सापडेना.

बाईनं एकदम टाळी वाजवली. "मुतरा भाऊ! तुम्हीच का ते? या अल्ला! दादी सांगायची ना. प्रत्येक वर्षी नवी ज्वारी आली की सांगायची. पोट धरून हसायची. आम्ही पोरं म्हणायचो, दादी, मुतऱ्या भावाची गोष्ट सांग."

आफरीन तोंडावर ओढणी धरून उभी होती. गुरुजी हसले, खरंच हसले, आणि मग त्यांनी विचारलं, "आणखी काय सांगायच्या?"

"बस, एवढंच. कणगी, तुम्ही, अन् मीठ."

गुरुजींनी आक्काकडे पाहिलं. मला वाटलं, इथेच थांबावं. गोष्ट इतकी छान झाली होती. पण आक्का पुढे सरकली, तिनं त्या बाईचा हात धरला आणि दाराचं सांगितलं. सगळं. कडीचा आवाज कसा होता तेसुद्धा.

बाई ऐकत राहिली. मशीनच्या चाकावर तिचा हात होता. तिनं विचारलं, "मग त्या दिवशी ती गेली कुठं?"

ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि सांगणारं आता कुणी उरलेलं नव्हतं.

"दादी हसतच सांगायची," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, त्या टायमाला लई मजा होती."

ड्रायव्हरनं पोतं उतरवायला हात लावला, तर गुरुजींनी त्याला बाजूला केलं. ते म्हातारं माणूस, पोतं पाठीवर घेऊन दारात उभं राहिलं आणि कुठं ठेवू म्हणून बघायला लागलं. बाईनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. गुरुजी वाकून आत गेले. पोतं टेकल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, आणि आम्ही कुणीच त्यांना हाक मारली नाही.